सगळ्या गल्लीचा एक नंबर

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही. आजोबा मागावर, वडील मागावर, मोठी बहीण दहावी नापास झाली तशी मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसली. मी बीसीए केलं आणि बेळगावातल्या एका तपासणी कंपनीत लागले. रक्त, लघवी, थायरॉईड, शुगर, सगळं तपासणारी कंपनी. जिल्हाभर सेंटरं. माझं काम फोनवरचं. रिपोर्ट आला नाही, रिपोर्ट उघडत नाही, नाव चुकलंय, अशी गाऱ्हाणी मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत ऐकून घ्यायची आणि निस्तरायची. नोकरी लागली त्या दिवशी वडिलांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले. "आमची पोरगी एसीत बसत्या," असं ते पुढं कितीतरी दिवस ओळख नसलेल्या माणसालाही सांगत होते.

बेळगावच्याच वडगाव भागातल्या आमच्या गल्लीत एक पद्धत होती. कुठलाही फॉर्म असो, गॅसचा, बँकेचा, रेशनचा, मोबाईल नंबरच्या जागी माझा नंबर. आमच्याकडं कन्नड सगळे बोलतात, बाजारात भांडतातसुद्धा कन्नडमधून, पण वाचायचं म्हटलं की थोरली माणसं अडतात. इंग्रजीचं तर बोलायलाच नको. मेसेज येतात नेमके त्या दोन भाषांत. मग माझा नंबर. "तिला कळतंय, तिचा टाका," एवढंच. मला याचा अभिमान होता. संध्याकाळी कामावरून आले की घरोघरी जाऊन ज्याचं त्याला हळूच सांगायचं. एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही. चहा मात्र सगळ्यांकडचा प्यायले.

आमच्या कंपनीनं तर या पद्धतीवर शिक्काच मारला. कुटुंब कार्ड निघालं. एका नंबरावर सगळं कुटुंब, तपासणीत सवलत. काउंटरवरच्या पोरी विचारायच्या, "नंबर तोच ना?" आणि नाव चढवायच्या. आडनाव वेगळं, घर वेगळं, कुणी काही म्हटलं नाही. बघता बघता अर्धी गल्ली माझं कुटुंब झाली.

कंपनीतनं माहिती पहिल्यांदा चोरीला गेली तेव्हा आम्हाला एका खोलीत बोलावून सांगितलं. हॅकर आत शिरले, काही गिऱ्हाइकांची नावं, नंबर, रिपोर्ट बाहेर गेले. घाबरू नका, दुरुस्ती चालू आहे. मग प्रत्येकाच्या टेबलावर एक कागद ठेवला. तक्रारीचा फोन आला की पहिला प्रश्न हा विचारायचा: तुम्ही कुणाला ओटीपी दिला होता का? मी विचारत गेले. लोक गोंधळायचे. दिला असेल बहुतेक, म्हणायचे. आवाज खाली यायचा. फोन ठेवताना तेच मला सॉरी म्हणायचे.

काही महिन्यांनी दुसऱ्यांदा तेच झालं. खोली तीच, बोलणं तेच, कागदही तोच. मी म्हटलं, असेल बाबा, एवढी मोठी कंपनी, मागं लागणारे चोरही मोठे.

तिसऱ्या वेळेला चोरी माझ्या घरात आली.

शेजारच्या आक्कांबद्दल आधी सांगायला पाहिजे. त्यांच्या घरी चार पॉवरलूम, नवरा आणि मुलगा ते चालवतात, आक्का साड्यांच्या घड्या घालतात. मी शाळेत असताना परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या माळ्यावर अभ्यास करायची, कारण आमच्यात जागा नव्हती. एक दिवस त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, छातीत गाठ लागतेय. त्यांची धाकटी बहीण त्याच दुखण्यानं गेली होती. त्यात मुलीला निपाणीचं स्थळ आलेलं, बोलणी चांगली चाललेली. "घरात कळलं तर रडारड, आन् बाहेर कळलं तर पोरीचं वाटोळं," म्हणाल्या. मी त्यांना डॉक्टरकडं नेलं, गाठीत सुई घालून घेतलेला नमुना आमच्याच कंपनीत तपासला. रिपोर्ट माझ्या फोनवर आला. साधी गाठ, भ्यायचं कारण नाही. मी जाऊन कानात सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आम्ही दोघी आणि डॉक्टर सोडून हे कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी न्हाणीत होते. फोन वाजला तो आईनं उचलला. पलीकडचा माणूस म्हणाला, तपासणी कंपनीतून बोलतोय, अमुक बाईंना द्या. नाव आक्कांचं. आईला यात नवल वाटायचं काही कारण नव्हतं, असे फोन रोजचेच. ती फोन घेऊन शेजारी पळाली. मागांच्या खडखडाटात कानाला लावून काही ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडं सगळे स्पीकर लावूनच बोलतात, आणि बोलतात म्हणजे ओरडतात. आक्कांनी स्पीकर लावला. पलीकडचाही ओरडायला लागला. तेवढ्यात करंट गेला.

सगळ्या गल्लीचे माग एकदम बंद पडले की कसली शांतता होते, ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. त्या शांततेत तो माणूस ओरडत होता, "तुमच्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट परत आलाय, कॅन्सर दाखवतोय. दुसरी तपासणी आजच्या आज करायला पाहिजे, मी लिंक पाठवतो."

आक्कांचं वय, डॉक्टरांचं नाव, कुठल्या सेंटरला तपासणी झाली, सगळं त्यानं बरोबर सांगितलं. एक कॅन्सर तेवढा खोटा.

मी ओल्या केसांनी पळत गेले तेव्हा आक्कांचा नवरा भिंतीला टेकून खाली बसला होता. दारात बायका जमल्या होत्या. मी फोन हिसकावून घेतला, त्या माणसाला कन्नडमधून दोन शिव्या दिल्या आणि सगळ्यांना ओरडून सांगितलं, हे खोटं आहे, आक्कांना काही झालेलं नाही, हा चोर आहे. कुणी तरी मागून म्हणालं, "खोटं म्हणतीस, मग गाठ बी खोटी व्हय?"

आक्का माझ्याकडं बघत होत्या. मला आत नेऊन त्यांनी दार लोटलं.

"ही गोष्ट दोघींचीच होती गं."

"आक्का, मी न्हाई सांगितलं कुणाला."

"मग त्या मेल्याला सपान पडलं व्हय?"

आणि इतके महिने रोज म्हटलेलं वाक्य माझ्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं.

"तुम्ही कुणाला ओटीपी दिला होता का?"

आक्का रागावल्याही नाहीत. त्यांनी नुसतं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ओटीपी तर तुझ्याकडंच येतो की गं."

त्या दिवशी माझा फोन थांबलाच नाही. शेवटच्या घरच्या मामांची शुगर, कोपऱ्यावरच्या वहिनींचं थायरॉईड. एकामागून एक नवे आवाज, कुणी हिंदी, कुणी मोडकं कन्नड, आणि सगळ्यांच्या हातात माझ्या गल्लीच्या अंगातलं रक्त. जे मी कानात सांगायची ते आता परकी माणसं ओरडून सांगत होती. आई म्हणाली, "फोन बंद कर." बंद केला. पण गल्लीतलं बोलणं कसं बंद करणार? चार दिवसांत ते निपाणीला पोचलं. तिकडून निरोप आला, गैरसमज नको, पण आईचा रिपोर्ट बघायला मिळेल काय.

लग्नाआधी पत्रिका मागतात हे ठाऊक होतं. आईचा रिपोर्ट मागतात हे पहिल्यांदा ऐकलं.

तो पहिला फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कंपनीतल्या साहेबांपुढं उभी राहिले होते. मला वाटलं होतं, ऐकून ते हादरतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझा नंबर कॉम्प्युटरवर टाकला. नावांची रांग खाली खाली जात राहिली. साहेब खुर्चीत पुढं सरकले.

"हे सगळे पेशंट तुझे कोण?"

"गल्लीतले आहेत, सर."

"एका नंबरावर? आणि तू आमच्याकडं कामाला. आतून माहिती देणारं कोणी आहे का, हेच आम्ही शोधतोय."

मला आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा मी म्हटलं, "सर, मी माहिती विकली असती तर फोन माझ्याच फोनवर येतील असं कशाला केलं असतं?" ते म्हणाले, "ते चौकशीत बघू. पण तुम्हा लोकांना अक्कल पाहिजे. एका नंबरावर गल्ली चालवता, मग चोराला आमंत्रण द्यावं लागतं काय?"

बाहेर चहाच्या गाड्यावर आमच्या कॉम्प्युटर विभागातला एकजण भेटला. त्यानं इकडं तिकडं बघितलं. "तुझा काही संबंध नाही त्यात," म्हणाला. "जुने रिपोर्ट ठेवलेला एक सर्व्हर आहे. पहिल्या चोरीला चोर तिथूनच आले. आम्ही लिहून दिलं, तो बंद करा. वरून उत्तर आलं, पुढच्या बजेटमध्ये बघू. दुसऱ्यांदाही तिथूनच. आताही तिथूनच."

"मग तो ओटीपीचा कागद?"

"ओटीपी लागतच नाही तिथं," तो म्हणाला आणि ग्लास ठेवून गेला.

मी तिथंच उभी राहिले. इतकी माणसं मला फोनवर सॉरी म्हणाली होती. कशाबद्दल?

मी परत आत गेले. आता भीती वगैरे काही उरली नव्हती. म्हटलं, "सर, चोर तिन्ही वेळेला एकाच दारानं आला." साहेबांनी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. मी नाव घेतलं नाही. मग ते समजावणीच्या सुरात आले. चोरी करतो तो चोर, कंपनी उलट स्वतःच नाडली गेलीय, जगात मोठमोठ्या कंपन्यांचं असं होतं, वगैरे.

मी त्यांना आमच्या घरातली गोष्ट सांगितली. विणकराच्या घरात सूत असतं ते शेटजींचं. ते विश्वासानं देतात, आपण साडी विणून परत द्यायची. मी लहान असताना आमच्या घरातून एकदा रेशमाचा गठ्ठा चोरीला गेला. वडिलांनी चोराला आठवडाभर शिव्या घातल्या. पण शेटजींच्या दारात ते स्वतःच्या पायांनी गेले आणि म्हणाले, माझ्या घरातून गेलंय, मी भरून देतो. आणि त्याच दिवशी खिडकीला गज बसवले. शेटजींना त्यांनी असं विचारलं नाही, की तुम्ही कुणाला सांगितलं होतं का, सूत माझ्याकडं आहे म्हणून.

"चोर पकडायचं काम पोलिसांचं, सर. पण दुसऱ्यांदा गज कुणी बसवायचे होते? आन् तिसऱ्यांदा?" एवढं बोलताना माझ्या तोंडात घरची भाषा आली होती आणि मी ती येऊ दिली.

साहेबांनी मला चौकशी होईपर्यंत घरी थांबायला सांगितलं.

घरी आल्यावर मी सरळ आक्कांकडं गेले. त्या घडी घालत होत्या, थांबल्या नाहीत. मी माग चालू असताना ओरडून ओरडून सगळं सांगितलं. सर्व्हर म्हणजे काय ते सांगितलं, तीन वेळा तेच दार, बजेट, तो कागद. शेवटी म्हटलं, "सायबर पोलिसांत तक्रार करायला पाहिजे. नाहीतर सगळं माझ्यावर ढकलतील. पण रिपोर्ट तुमचा, तक्रार तुम्हालाच द्यावी लागती."

"म्हंजे तिथं बी गाठीचं सांगायचं? पुरुषमाणसापुढं?"

"व्हय."

त्यांनी साडी उचलून ढिगावर ठेवली आणि दुसरी घेतली. मी निघून आले. त्या आठवड्यात गल्लीत मला कुणी चहाला बोलावलं नाही. वडील बाहेर ओट्यावर बसायचे सोडून आतच बसायला लागले.

मग एका सकाळी आक्का आमच्या दारात उभ्या. अंगावर ठेवणीतली साडी, हातात पिशवी. "निपाणीवाल्यांना दिला रिपोर्ट," म्हणाल्या. "वाचू देत. माझी पोरगी काय रोगट न्हाई. चल आता, रिक्षा थांबवलीया."

ठाण्यात हवालदारानं कन्नडमधून विचारलं, कसला रिपोर्ट होता. मी तोंड उघडणार तोच आक्कांनी मला हातानं थांबवलं आणि खणखणीत कन्नडमध्ये स्वतः सांगितलं. छातीतली गाठ. साधी. चोरानं कॅन्सर म्हणून सांगितलं, सगळ्या गल्लीनं ऐकलं. बाजूच्या टेबलावरच्या दोघांनी माना वर केल्या. आक्कांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. "आन् हे लिवा," त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "ह्या पोरीनं कुणाला सांगितल्यालं न्हाई. ते मला ठावं हाय." माझे डोळे भरून आले, ते मी कुणाला दिसू दिले नाहीत.

हवालदारानं विचारलं, "मोबाईल नंबर?"

सवयीनं मी माझा नंबर सांगायला लागले. पहिले दोन आकडे तोंडातून गेलेही. आक्कांनी पिशवीत हात घालून एक नवा कोरा फोन बाहेर काढला. पाठीमागं कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, त्यावर त्यांच्या मुलानं मोठ्या अक्षरांत लिहिलेला नंबर.

"तुझा नको बाई," त्या मराठीत मला म्हणाल्या. "माझाच असू दे आता."

मग चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरून त्या एकेक आकडा कन्नडमधून सांगायला लागल्या.