शेवटची खेप आमची

आईचं रक्त मी नावेच्या फळ्यांवरून धुतलं, तेव्हा मी बारा वर्षांची होते.

आई अडली होती. दोन दिवस. सुईणीने हात टेकले आणि म्हणाली, "भोरला न्या, दवाखान्यात." मध्ये धरणाचं पाणी. पूर्वी तिथून पायवाट होती, ती धरणात बुडाली. बापाने आणि चुलत्याने आईला घोंगडीत घालून काठावर आणलं. नाव सुटायच्या बेतात होती. अर्धी मोकळी. पण आम्ही महार. आमची खेप शेवटची, बाकीची सगळी माणसं पलीकडे पोचल्यावर.

बाप काठावरच गुडघे टेकून बसला. "मायबाप, बाई अडलीया. येवढ्या खेपेला घ्या."

नावाड्याने वल्हं थांबवलं. त्याच्या मनात असावं. पण नावेत भोरचे एक कारकून बसले होते, पीकपाहणीला आलेले. त्यांनी धोतर सावरून घेतलं. "आधी आम्हांला पोचव. मग यांना घे." आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती.

नाव गेली. परत आली, भरली, पुन्हा गेली. तीन खेपा झाल्या. तोवर आईचं ओरडणं थांबलं होतं. आम्ही चढलो तेव्हा तिने माझा हात धरला होता. मध्यावर कधीतरी सोडला. मला कळलंच नाही. मी पाणी बघत होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पलीकडे बापाने तिला खांद्यावर घेतलं. नावाडी माझ्याकडे वळला. "पोरी, फळ्या धुवून जा."

रीतच होती. आमच्यातलं कुणी बसलं की उतरताना त्या जागेवर पाणी मारायचं. मी आधीही कितीदा मारलं होतं. त्या दिवशीही मारलं, ओंजळीओंजळीने. रक्त निघेना. मग पदराने घासलं. बाप तिला घेऊन पुढे गेला होता आणि मी मागे घासत बसले होते. त्या पोरीला मी अजून माफ केलेलं नाही.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. सासर त्याच पाण्याच्या काठाला, वरच्या गावात. नाव निराळी, रीत तीच. मी तोडलेला सरपणाचा भारा लोकांबरोबर पहिल्या खेपेला जायचा. लाकडाला विटाळ नसतो म्हणे. मी काठावर. पाच वर्षं तशीच काढली, तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात.

मग एकदा भर दुपारी रिकामी नाव आमच्या वस्तीसमोर येऊन लागली. न बोलावता. पाटलांचा बैल पलीकडच्या रानात मेला होता, आणि मेलेलं ढोर ओढायचं काम आमचं.

"चला रं, बसा बिगीबिगी," नावाडी ओरडला. "पाटील खोळंबल्यात."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या दिवशी विटाळ कुठे गेला होता कोण जाणे. पुरुष दोर घेऊन उठले. माझा नवरा सगळ्यांत पुढे.

मला सातवा महिना होता. मी उठले आणि नावेच्या आडवी उभी राहिले. "कुणी बसायचं न्हाई."

नवरा म्हणाला, "येडी झालीस का काय? सातवा लागलाया तुला. उद्या दवाखान्यात जायाला हीच नाव लागल न्हवं?"

"म्हून तर," मी म्हणाले. "मेल्या बैलापायी नाव दारात येती. माजी आई जित्ती व्हती, तवा न्हाई थांबली."

पहिला दोर सासऱ्यांनी खाली टाकला. मग बाकीच्यांनी.

बैल दोन दिवस सडला. तिसऱ्या दिवशी गावाने आम्हांला नाव बंद केली. माफी मागा, ढोरं ओढा, मग खुली करू. सासू रडली. भीती मलाही वाटत होती, आई रोज डोळ्यांसमोर यायची. पण माफी मागायला मी गेले नाही. आठव्या महिन्यात पाण्याला वळसा घालून, दोन दिवस चालत, भोरच्या महारवाड्यात मावशीकडे पोचले, दवाखाना जवळ म्हणून. मुलगी झाली. चार दिवस जगली.

बायका म्हणतात, चालण्याने गेली. हिच्या हट्टापायी गेली. असेलही. मी त्यांच्याशी भांडत नाही. एकटी असले की रडते.

आता पुन्हा दिवस गेलेत. गावाचा निरोप परवा आला, तीच अट. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "न्हाई." यंदा मी सहाव्यातच निघणार आहे. पायी.