संचालिकाबाई व्हरांड्यात

आमच्या सहकारी बँकेत एक रीत होती. संचालकाच्या नातेवाइकाचं कर्जप्रकरण आलं की त्यानं उठून बाहेर जायचं, आणि बाकीच्यांनी ते मंजूर करायचं. मग शिपाई बोलवायला येई. पुढचं प्रकरण बहुधा दुसऱ्या कोणाच्या मेव्हण्याचं असे. मग तो उठे. एकाच मीटिंगला सात जण पाळीपाळीनं व्हरांड्यात चहा पिऊन आलेले मी पाहिलेत.

महिलांच्या राखीव जागेवर मी संचालिका झाले तेव्हा पन्नाशीची होते. अक्कल तेवढी नव्हती. नवीकोरी साडी, चष्म्याला साखळी. धाकट्या दिरांच्या कापसाच्या जिनिंगचं कर्जप्रकरण आलं तेव्हा मी अशा ठसक्यात उठले की खुर्ची पडली. बाहेर उभी राहून मनात म्हणत होते, बघा, याला म्हणतात सचोटी! वरच्या बँकेच्या तपासणीस साहेबांनीही अहवालात लिहिलं, 'संबंधित संचालिका गैरहजर'. ती ओळ मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवली. हेच साहेब अध्यक्षांच्या दर्यापूरच्या शेतात रोडगे खायला येत, आणि निवृत्त झाल्यावर आमच्याच बँकेचे सल्लागार झाले. त्या ठरावाला अनुमोदन कोणी दिलं? मीच.

त्याच सुमारास अकोल्याच्या जुन्या शहरातली माझी मैत्रीण सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली. नर्स होती. निवृत्तीच्या पैशात तिला अमरावतीला लेकीजवळ दोन खोल्या घ्यायच्या होत्या. "वर्षभर ठेव ना आमच्या बँकेत, मी हावो ना तिथं," मी म्हटलं. तिनं सगळंच ठेवलं.

सात महिन्यांत जिनिंग बंद पडलं. तशीच आणखी चार-पाच कर्जं बुडाली आणि बँकेतून पैसे काढायला बंदी आली. बँक वाचवायची योजना त्या सल्लागार साहेबांनीच लिहिली. एका मोठ्या बँकेनं आम्हाला पोटात घेतलं, दिरांचं कर्ज निम्म्यावर मिटलं, आणि ठेवीदारांचे पैसे पाच वर्षांत हप्त्याहप्त्यानं परत द्यायचे ठरले. बँक वाचली म्हणून पेढे वाटले गेले.

मैत्रीण घरी आली, पण चप्पल काढली नाही.

"ते लोन पास झालं तवा तू मीटिंगमधी होती ना?"

"नाही वो, मी बाहेर होती. नियमच हाय तसा."

"बाहेर काहून गेलती?"

मी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"दिराचं होतं म्हनून गेली ना? म्हंजे तुले मालूम होतं, पैसा तुह्याच घरात जाऊन राहिला. अन् मले म्हनते, ठेव."

"मले खरंच वाटे, का मी बाहेर गेली म्हंजे..."

"म्हंजे तू धुतल्या तांदळासारखी झाली! अन् मी गेली चुलीत."

हप्ते संपेपर्यंत अमरावतीच्या खोल्या तिच्या आवाक्याबाहेर गेल्या होत्या, आणि जावयाची बदली होऊन लेकही दूर गेली होती. मग तिच्या घरमालकानं जागा पाडायला काढली, तेव्हा मी म्हटलं, माझ्या वरच्या दोन खोल्या रिकाम्याच आहेत, ये. ती आली, पण भाडं ठरवून. मी नको म्हटल्याबरोबर तिनं पुन्हा पेटी उचलली होती.

आता दर एक तारखेला ती गुडघे धरत जिना उतरते, पैसे टेबलावर ठेवते आणि पावती मागते. "तुह्या तोंडाच्या शब्दावर नाही राहत मी," असं हसत म्हणते. मीही हसते आणि लिहून देते. चष्मा लावून ती माझी सही नीट पाहते. मगच वर जाते.