एस्तरआत्याचा रविवार

गिबोनकरांनी यहोशवाला फसवलं, आणि आमच्या मंडळीच्या पंचांनी एस्तरआत्याला. पहिली फसवणूक बायबलात आहे. दुसरी कुणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिंगारच्या माझ्या वखारीत एका गिऱ्हाइकाशी फळ्यांवरून घासाघीस करत होतो. फोन ठेवला आणि म्हणालो, "तू म्हणशील त्या भावात ने." असा सौदा मी जन्मात केला नव्हता...

आत्या शाळेतली बाई. निवृत्तीनंतर सावेडीहून दर रविवारी रिक्षानं देवळात यायची, उपासनेआधी दारातला माठ भरायची, मग मुलांचा वर्ग घ्यायची. उपदेशात पाळकसाहेबांचं वचन चुकलं तर बाकावरूनच दुरुस्त करायची. तिचं लाडकं गाव गिबोन. सेनापती यहोशवा एकेक गाव उद्ध्वस्त करत येतोय हे कळल्यावर गिबोनकरांनी फाटके जोडे घातले, बुरसटलेल्या भाकरी बांधल्या आणि आम्ही लांबच्या मुलखातले असं सांगून त्याच्याकडून अभयाची शपथ काढली. गाव तर जवळच होतं! खोटं उघडं पडलं तरी यहोशवानं शपथ मोडली नाही. त्यांना जगू दिलं, पण वेदीसाठी लाकूडतोडे आणि पाणके करून ठेवलं. मागाहून लिहिणाऱ्या बहुतेकांनी त्यांना लबाडच ठरवलं, आणि आत्याचा संताप व्हायचा.

"गावकीची लाकडं आपल्या पणज्यानं फोडली, याकोबा, आणि विहिरीला शिवायची बंदी. गिबोनकरांना निदान पाणी तरी भरू दिलं."

"पण आत्या, फसवलं तर खरंच ना?"

"जीव वाचवायला भाव केला. तू वखारीत दुसरं काय करतोस रे?"

अलीकडे संशोधकांनी गिबोनची टेकडी खणली तेव्हा मातीच्या भांड्यांच्या कानांवर गावाचं नाव कोरलेलं सापडलं, हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. "नाव राहिलं बघ. भांड्यावर राहिलं."

देवळात उपदेशाला उभं राहायचं नवं पुलपीट करायचं ठरलं आणि पंच माझ्याकडे लाकूड मागायला आले. म्हणालो, सागवान देतो, पैसा नको. एक रविवार द्या, त्या पुलपीटावरून आत्या बोलेल. पाळकसाहेबांनी माझ्या हातावर हात मारला. विषय त्यांनी विचारला नाही, मी सांगितला नाही. सौद्यात न विचारलेलं सांगायचं नसतं.

पुलपीट उभं राहिलं. आत्या गिबोनकरांची बाजू मांडणार हे कळलं, तसा रविवार पुढे सरकू लागला. पावसाळा गेला, नाताळ गेला... शेवटी पाळकसाहेब आत्यासमोरच म्हणाले, "याकोबशेठ, तुम्ही आमच्याकडून शब्द लबाडीनं काढलात." मी बाह्या सरसावल्या. आत्या मात्र खदखदून हसली.

"पाळकसाहेब, अर्धा उपदेश तुम्हीच केलात की! लबाडीनं काढलेला शब्दसुद्धा यहोशवानं पाळला. मोडला तो पुढे शौल राजानं, गिबोनकरांना मारून. मग देशावर दुष्काळ कुणापायी आला?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि निघून गेले. त्यानंतर ती आजारी पडली. मी दिसलो की विचारायची, "बोलावलं का रे?" बोलावणं आलंच नाही.

तिची शवपेटी त्याच पुलपीटासमोर ठेवली होती. वर उभं राहून पाळकसाहेब म्हणाले, "एस्तरबाई नम्र सेविका होत्या. आयुष्यभर त्यांनी मुकाट्यानं पाणी भरलं." मुकाट्यानं! जिच्या पणज्याला विहिरीवर चढू दिलं नाही, तिच्या हातचं पाणी साऱ्या मंडळीनं प्यावं म्हणून ती माठ भरायची. ताठ मानेनं भरायची.

आता माठ मी भरतो. खिळ्यानं त्याच्यावर तिचं नाव कोरलंय, खोल, घासलं तरी जाणार नाही असं. शौलानंतर राजा झालेल्या दावीदानं गिबोनकरांना विचारलं होतं, तुमच्यासाठी काय करू? त्यांनी सोनंरूपं मागितलं नाही, मोडलेल्या शब्दाचा जाब मागितला. मीही सागवान परत मागत नाही. पाळकसाहेब, पंचहो, तहान लागली की माठाशी याच. नाव वाचा, पाणी प्या, आणि माझ्या तोंडावर सांगा... आत्याचा रविवार कुणी खाल्ला?