समुद्राचा बांध आखणाऱ्या सुमनताई

सुमनताई चौधरींची आणि माझी पहिली भेट काही चांगली झाली नाही. गौरवग्रंथात असं वाक्य शोभत नाही, हे मला कळतं. पण जे घडलं ते सोडून गोड गोड लिहिलं, तर ताई हा लेख छापूच देणार नाहीत.

मी कोकणातला, खाडीकाठचा. देशाच्या सागरी सीमा आखणाऱ्या कार्यालयात नेमणूक झाली तेव्हा छाती चार बोटं फुगली होती. समुद्र म्हणजे आपल्या घरचा! आणि विभागप्रमुख कोण, तर बुऱ्हाणपूरच्या बाई. तापीकाठच्या केळीच्या मळ्यात वाढलेल्या. मी पहिल्याच दिवशी विचारून बसलो, "मॅडम, तुमच्या गावाला समुद्र कुठला?" त्या रागावल्या नाहीत. कागद पुढे सरकवून म्हणाल्या, "तुमच्या गावचा किनारा काढून दाखवा." मी झोकात एक रेघ ओढली. "ही भरतीची की ओहोटीची?" मी तर एकच किनारा धरला होता.

मग त्यांनीच समजावलं. उधाणाच्या मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर मागे सरतं, तिथून देशाचा समुद्र मोजायचा. बारा सागरी मैलांपर्यंत आपली हद्द, आणि दोनशे मैलांपर्यंतची मासळी नि तळाखालचं तेल आपलं. किनाऱ्याजवळचा एखादा खडक ओहोटीला पाण्याबाहेर येत असेल, तर त्याच्यापासून मोजायची मुभा असते, आणि सगळी रेषा तेवढी पुढे सरकते. खडक बाहेर येत नसेल तर तो माशांचा, आपला नव्हे. पुढची सगळी वर्षं आम्ही हेच काम केलं. कार्यालयात त्या 'मॅडम' होत्या. आम्हा मराठी मंडळींच्या मात्र त्या दिवसापासून ताई झाल्या.

ताईंची कामाची एक रीत होती आणि ती त्यांनी वडिलांकडून आणली होती. शेतकरी माणसाला बांध कोरणं म्हणजे काय, हे सांगायला नको. दर नांगरटीला शेजाऱ्याच्या बाजूने चार बोटं माती ओढायची, म्हणजे काही वर्षांत नांगराचं एक अख्खं तास आपल्या शेतात. ताईंचे वडील केळी लावण्याआधी रान दोरीने मोजत, आणि दोरीचं दुसरं टोक मुद्दाम शेजाऱ्याच्या हातात देत. घरच्या माणसाच्या हाती कधीच नाही. "बांध कोरल्यानं पीक नाही वाढत पोरी, भांडन वाढते," असं ते म्हणत. ताईंनी ही रीत जशीच्या तशी समुद्रात नेली. आमच्याकडे कुठलंही मोजमाप तपासायला त्या असा माणूस शोधत, ज्याला ते मोजमाप पटलेलं नाही. तो माणूस बहुतेक वेळा मीच असे. वाद घालण्यात मी कधी कुचराई केलेली नाही.

आता त्या खडकाबद्दल. शेजारच्या देशाबरोबर सागरी सीमेची बोलणी ठरली होती. आमच्या सीमेच्या एका टोकाला एक खडक होता. जुन्या नकाशात तो ओहोटीला उघडा पडतो असं दाखवलेलं होतं आणि त्याच्यामुळे समुद्राचा मोठा पट्टा आपल्या बाजूला येत होता. सगळे खूष. ताई मात्र जुनं सर्वेक्षण उलगडून बसल्या आणि त्यांना एक गोष्ट खटकली. खडकावरची खोली मोजली होती उघड्या समुद्रात, पण त्या वेळी भरती-ओहोटीचं पाणी किती होतं, हे वाचलं होतं आत खाडीतल्या बंदराच्या खुणेवर. खाडीत ओहोटी उशिरा पोचते. बाहेर पाणी तळाला गेलं तरी आत ते अजून उतरत असतं. म्हणजे भरतीचं पाणी खऱ्यापेक्षा जास्त धरलं गेलं, ते मोजलेल्या खोलीतून वजा झालं, आणि खडक कागदावरच वर आला. असली चूक फक्त आमच्याच धंद्यातली माणसं करू शकतात.

ताईंनी तो खडक गाळायचं टिपण वर पाठवलं. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. "हा एक दगड काढला तर देशाचा किती समुद्र जातो, कल्पना आहे?"

"आहे. तो मीच मोजलाय," ताई म्हणाल्या.

"आणि दगड खरंच उघडा पडत असेल तर?"

"तर मी देशाचं नुकसान करत होते असं स्पष्ट लिहा आणि मला या कामातून काढा. पण आधी जाऊन बघू द्या."

साहेबांच्या खोलीत मी साहेबांच्या बाजूने बोललो. हातचा समुद्र सोडायचा हे माझ्या कोकणी डोक्याला मुळीच मानवत नव्हतं, आणि मी ते आवाज चढवून सांगितलं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "तुम्हीच चला माझ्याबरोबर."

सर्वेक्षणाच्या जहाजावर तेव्हा बायकांना घेत नसत. देशाची सागरी सीमा आखणाऱ्या बाईंनी तोवर जहाजात पाऊलही ठेवलं नव्हतं, यावर आजच्या मुलांचा विश्वास बसणार नाही. ताईंनी एका तांडेलाची मासेमारीची होडी ठरवली. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी गाठायची म्हणून आम्ही उजाडताच खडकापाशी पोचलो. ताईंना बोट लागली होती. होडीच्या काठाला धरून त्या ओकत होत्या, चूळ भरत होत्या आणि पुन्हा ओकत होत्या. तांडेल मला हळूच म्हणाला, "बाईंका घराकच ठेवूचां होतां!" पण त्यांनी मोजायची काठी माझ्या हातात दिली. "तुम्ही धरायची, तुम्ही वाचायची. मी धरली तर मला हवं तेच दिसेल."

खडक मला स्वच्छ दिसत होता. त्याच्यावरचं तपकिरी शेवाळ पाण्याबरोबर हलत होतं. हात घातला असता तर लागला असता. पाणी उतरत होतं आणि मी मनातल्या मनात त्या खडकाला वर ये म्हणत होतो. मग तांडेल म्हणाला, "इला. पाणी फिरलां." भरती सुरू झाली होती. खडकावर वीतभर पाणी शिल्लक होतं.

"किती?" ताईंनी विचारलं.

"वीतभर आहे, ताई."

"खडकावर?"

"खडकावर."

पिशवीतून बुऱ्हाणपूरहून आणलेले केळ्याचे वेफर्स काढून ताईंनी मला आणि तांडेलाला दिले. परतीच्या वाटेवर मी रागातच होतो, पण माझ्या हाताने वाचलेलं मोजमाप माझ्या तोंडाने नाकारणार कसा?

बोलणी झाली तेव्हा ताई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्या मागे मी. पलीकडच्या शिष्टमंडळातले तज्ज्ञ चांगले मुरलेले गृहस्थ होते. त्यांच्यापुढे एक जाडजूड फाइल होती आणि तिच्यावर आमच्या त्या खडकाचं नाव होतं. त्यांनी आमचा नकाशा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला. "तुमचा तो खडक?" आमच्या साहेबांनी मागे वळून ताईंकडे पाहिलं. ताई उभ्या राहून म्हणाल्या, "तो मोठ्या ओहोटीलाही पाण्याखाली असतो. आम्ही जाऊन पाहिलं." त्या गृहस्थांनी ती फाइल मिटून टेबलाखाली ठेवली. बाकीच्या बिंदूंवर ते दिवसचे दिवस भांडतील अशी आमची तयारी होती. त्यांनी जेवणाच्या सुट्टीआधी सगळे मान्य केले. बाहेर आल्यावर साहेब ताईंना म्हणाले, "मॅडम, चहा माझ्याकडून." एवढंच म्हणाले, पण आमच्या साहेबांच्या मानाने ते पुष्कळ होतं.

ताई फार बोलून प्रेम करणाऱ्या नव्हेत. माझे वडील गेले तेव्हा माझा एक नकाशा अर्धा राहिला होता. मी गावाहून परतलो तर तो पूर्ण झालेला, आणि कोपऱ्यात आखणाऱ्याचं नाव माझं. मी काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, "खोलीचे आकडे तपासून घ्या, घाईत केलंय." मी तपासले. एकही चुकला नव्हता. तो नकाशा आजही माझ्या घरात भिंतीवर आहे.

निवृत्तीनंतर ताई बुऱ्हाणपूरला, लालबागेतल्या घरी परतल्या. तिथे त्यांच्यासाठी एक वाद वाट पाहत होता. भाच्याने, म्हणजे निलेशने, मळ्यात नवं ठिबक टाकलं होतं आणि शेजारचे रामदासभाऊ महाजन म्हणत होते की केळीची शेवटची ओळ त्यांच्या रानात आहे. दोन घरांचं बोलणं बंद झालेलं, गोष्ट कोर्टाच्या दारात. निलेशला वाटलं, आता मावशी आली. देशाची सीमा आखणारी बाई घरात असताना रामदासभाऊ काय टिकणार! ताई टेप घेऊन मळ्यात गेल्या आणि त्यांनी दुसरं टोक रामदासभाऊंच्या हातात दिलं. मी तेव्हा पाहुणा म्हणून गेलो होतो, मावा जलेबी खात बांधावर उभा होतो. मोजणी झाली. ओळ रामदासभाऊंच्या रानात निघाली. निलेश कळवळून म्हणाला, "मौसी, घड लागलेले आहेत ना यार!" ताई म्हणाल्या, "घडासकट द्यायची."

रामदासभाऊ टेपचं टोक हातात धरूनच पुढे आले. म्हणाले, "ताई, तुमी आमच्या बाजूनं कसं काय मोजलं?"

"मी कुठे मोजलं? टोक तुमच्या हातात होतं."

आज ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त हा ग्रंथ निघतो आहे, त्या गौरव समितीचे अध्यक्ष हेच रामदासभाऊ आहेत. पहिल्या बैठकीचा चहा निलेशने केला होता.

हा लेख लिहून झाल्यावर मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला नका दाखवू. रामदासभाऊंना द्या वाचायला." मी दिला. भाऊंनी चष्मा लावून सगळा वाचला, मान हलवली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं की सुमनताईंना उत्तम आरोग्य लाभो आणि त्यांनी शंभर वर्षं जगावं.

"शंभर कमी होते, भाऊ," ते म्हणाले. "अजून पुढं सरकवा. इथं बांध कोरला तरी चालते. ताईले फक्त सांगू नका."