सिद्धूचं बोलतं मशीन

पलूसच्या पुढं ओढ्याच्या कडेला लालासाहेबांचा मळा आहे. बागायती रान, स्लॅबचं घर, दारात ट्रॅक्टर. घरापुढच्या पडवीत चाकाच्या खुर्चीवर त्यांचा धाकटा भाऊ सिद्धू बसलेला असतो. बाळंतपणात आई अडली, पोराला रडायला उशीर झाला, आणि तेवढ्या उशिरात डोक्याचा आणि अंगाचा मेळ बिघडला. डोकं शाबूत राहिलं, पण हातपाय त्याचं ऐकेनात. पेला धरायला निघालेला हात कानाकडं जायचा, मान वाकडी व्हायची, तोंडातून लाळ गळायची. घशातून आवाज निघायचा, त्याचा शब्द व्हायचा नाही. शब्द होत नाही म्हटल्यावर लोकांनी ठरवून टाकलं, ह्याच्या आत काही नाही.

आईनं, चंद्राबाईनं, तसं कधी मानलं नाही. स्वतः चौथी शिकलेली बाई. थोरल्याची जुनी पुस्तकं मांडीवर घेऊन तिनं धाकट्याला अक्षरं दाखवली. हो म्हणायचं असलं तर डोळे वर करायचे आणि नको असलं तर मिटायचे, ही खूणही तिचीच. भाकरी का भात, सदरा हा का तो, ऊन लागतंय का, सगळं ती विचारायची. घरात बाकीच्यांनाही ती खूण ठाऊक होती. विचारायला सवड मात्र कुणाला नव्हती.

लालासाहेब वाईट माणूस नव्हे, हे सिद्धूही जाणून होता. पोरवयात त्यानं भावाला पाठीवर घेऊन गावची सगळी जत्रा फिरवली होती. आजही रोज सकाळी तोच त्याला न्हाऊ घालायचा, दाढी करायचा. पण न्हाऊ घालता घालता फोनवर बोलायचा, आणि जे बोलायचं ते दगडासमोर बोलावं तसं बोलायचा. सगळेच तसं बोलायचे. कुणाचं कुणाशी सूत आहे, कुणी बांध कोरला, वैनी माहेरच्यांना सासूबद्दल काय सांगते, हे सगळं वर्षानुवर्षं सिद्धूच्या कानांत साठत गेलं.

चंद्राबाई गेली ती सांगलीच्या दवाखान्यात. मातीला त्याला नेलं नाही. आई माणला मामाकडं गेलीय, चार दिवसांनी येईल, असं वैनीनं त्याला सांगितलं आणि ताट घेऊन भरवायला बसली. बाहेर बायका गळ्यात गळे घालून रडत होत्या. सिद्धू डोळे मिटून घेत राहिला. नको, नको, नको. वैनीला वाटलं, पोट भरलं.

त्यानंतर वर्षभरानं सांगलीच्या एका संस्थेतल्या पूजाताई आल्या. अशा मुलांना बोलायला शिकवणं हेच त्यांचं काम. सिद्धू तिशी ओलांडलेला, तरी त्या आल्या, त्याच्यासमोर खाली बसल्या आणि तासभर त्याच्याशीच बोलल्या. मग काही महिन्यांनी संस्थेनं मशीन दिलं. जाडजूड टॅबसारखं, खुर्चीला दांडीनं बसवलेलं. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकामागून एक उजळत जायच्या. हवी ती ओळ आली की उजव्या गुडघ्यानं तांबडं बटण दाबायचं, मग हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. असं एकेक अक्षर वेचून वाक्य झालं की मशीन ते मोठ्यानं बोलायचं. आवाज शहरी, न्यूजमध्ये असतो तसा. सिद्धू पुण्याचा झाला म्हणून गडी हसायचे.

मशीन हातात देताना पूजाताईंनी लालासाहेबांना बजावून सांगितलं होतं. ह्याला वॉरंटी आहे, ती पुढच्या वर्षीच्या शिमग्याला संपेल, तोवर काहीही बिघडलं तर सांगलीच्या सर्व्हिस सेंटरला आणून टाका, फुकट बदलून देतील. एकदा वॉरंटी संपली की मग अवघड आहे.

सिद्धूनं पहिलं पुरं वाक्य जुळवलं तेव्हा सगळं घर भोवती उभं होतं. पाणी मागेल, नाहीतर कुणाचं नाव घेईल असं वाटलं होतं. मशीन म्हणालं, "आई वारली ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

वैनी पदर तोंडाला लावून आत गेली. लालासाहेब बराच वेळ ट्रॅक्टरकडं बघत राहिला. त्या दिवसापासून पडवीत बोलताना घरची माणसं आवाज बारीक करू लागली.

आनंद झाला तो अंकिताला. लालासाहेबाची ही मुलगी, कॉलेजला जाणारी. तीच मशीन चार्जिंगला लावायची, नेहमीचे शब्द आत भरून द्यायची म्हणजे काकाला अक्षरं वेचायचे कष्ट नकोत. म्हशींची नावंसुद्धा तिनं घातली होती. दुपारी ती अभ्यासाची वही घेऊन त्याच्याजवळ बसायची आणि तो तिची थट्टा करायचा. थट्टा करता येते, हे सिद्धूला तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

मग तिला बघायला फलटणचे पाहुणे आले. घर तालेवार, मुलगा इंजिनियर. सिद्धूविषयी आधीच सांगून ठेवलेलं होतं, लहानपणी ताप मेंदूत गेला, त्यात झालं. रक्तात काही आहे असं कुणाला वाटायला नको, म्हणून लालासाहेबानं मध्यस्थाला तसं सांगायला लावलं होतं. सिद्धूला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याला कशाला सांगायचं?

पोहे झाले, चहा आला. मुलाची आजी म्हातारी, पण चौकस. खुर्ची सरकवून ती सिद्धूजवळ गेली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं, "काय रं लेकरा, कवापासनं असं झालंय तुला?"

पाहुण्यारावळ्यांतलं कुणी त्याला स्वतःला काही विचारावं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. लालासाहेब मधे काही बोलायला गेला, पण म्हातारीनं हातानं त्याला थांबवलं. ओळी उजळत गेल्या, गुडघा बटणावर पडत राहिला. सगळे कौतुकानं बघत होते.

"जन्मापासून," मशीन म्हणालं.

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. सुनेनं मुलाकडं. सिद्धूचं बोलणं संपलं नव्हतं, त्याचं निम्मं अजून आतच होतं. डॉक्टर आईला काय म्हणाले होते ते त्याला तोंडपाठ होतं, तेच तो सांगणार होता. गुडघ्यानं बटण घाईनं दाबायला जावं तर ओळ निसटायची, पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात चहाचे कप अर्धे ठेवून पाहुणे उठले. नंतर कळवतो म्हणाले. गाडी रस्त्याला लागली तेव्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर मशीन खणखणीत बोललं, "जन्मताना अडलो होतो. रक्ताचा दोष नाही."

फलटणहून आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही.

अंकिता दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर ती पडवीत यायची, पण मागच्या दारानं आल्यासारखी, न बघता. सिद्धूनं तिच्यासाठी वाक्य जुळवून ठेवलं होतं: माझं चुकलं, मला माहीत नव्हतं. ती आली की तो ते बोलायचा. तीनदा बोलला. चौथ्यांदा तिनं जाता जाता मशीनचा आवाज बंद केला. वैनीनं तर त्याच्यासमोरच शेजारणीला सांगितलं, "मुकं हुतं तवा बरं हुतं."

दिवाळीनंतर मशीन बिघडायला लागलं. आधी चार्जिंगची वायर ठरावीक कोनात तिरकी धरली तरच चार्ज व्हायचं. मग मधेच पडदा काळा पडायचा आणि बऱ्याच वेळानं आपोआप उजळायचा. आवाज गड्यानं पुन्हा चालू करून दिला होता; मशीन चालू असेल तेवढ्यात सिद्धू एकच सांगायचा: मशीन बंद पडते, सांगलीला न्या, वॉरंटी आहे.

"नेतो की," लालासाहेब म्हणायचा. "ऊस जाऊ दे."

ऊसतोडीची टोळी आली. फड तुटला, ऊस कारखान्याला गेला, टोळीही गेली. मग भावकीतलं लग्न निघालं. मग गावची यात्रा. लालासाहेब मधल्या काळात चारदा तरी सांगलीला जाऊन आला, बियाणं आणलं, पंपाची मोटर भरून आणली. प्रत्येक वेळी गाडी फाटकातून बाहेर पडताना सिद्धू मोठ्यानं ओरडायचा आणि लालासाहेब काचेतून हात हलवायचा.

शिमगा तोंडावर आला. एका सकाळी दाढी करून झाल्यावर सिद्धूनं गुडघ्यानं शब्द वेचायला घेतले. पडदा दोनदा काळा पडला, तरी त्यानं सोडलं नाही. लालासाहेब पंच्यानं त्याचं तोंड पुसत होता, तेव्हा मशीन बोललं, "तू मुद्दाम करतो आहेस का?"

लालासाहेबाचा हात थांबला. मग त्यानं दांडीवरचं मशीन भिंतीकडं तोंड करून फिरवलं. "लय बोलाय लागलास," एवढंच तो म्हणाला आणि पाण्याचं घमेलं उचलून गेला.

होळी झाली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मशीन एकदा काळं झालं ते उजळलंच नाही. त्याच आठवड्यात लालासाहेबानं ते स्वतःहून पिशवीत घातलं आणि सांगलीला नेलं. संध्याकाळी घेऊन आला. सगळ्यांदेखत भावाला सांगितलं, "वॉरंटी संपली म्हनत्यात, गड्या. आतलं कार्डच गेलंय. आता काय हुत न्हाई त्याचं."

सिद्धूनं ते खरं मानलं. राग यायचा तो वॉरंटीचा यायचा, कागदावरच्या त्या तारखेचा. ते काही दिवसच टिकलं. एक दिवस लालासाहेब अंगणात ट्रॅक्टर धूत असताना फोन वाजला. हात ओले, म्हणून त्यानं तो स्पीकरवर टाकून बोनेटवर ठेवला. सर्व्हिस सेंटरचा माणूस होता. तुमचं मशीन बघितलं होतं त्याचं कार्ड पुण्याहून मागवता येतं, म्हणाला. खर्च तुमचा, पण मशीन पहिल्यासारखं होईल. मागवू का?

अंकिता तारेवर कपडे वाळत घालत होती. लालासाहेबानं तिच्याकडं बघितलं. विट्याचं नवं स्थळ तेव्हा चालू होतं. तिनं ओल्या ओढणीला पीळ दिला, झटकली, आणि पडवीकडं पाठ ठेवूनच म्हणाली, "लगीन हुईस्तवर ऱ्हाऊ द्या, पप्पा."

"ऱ्हाऊ द्या साहेब," लालासाहेब फोनला म्हणाला.

सिद्धू ट्रॅक्टरपासून पाच हातांवर होता. त्यानं आवाज काढला तो गुरासारखा निघाला. अंग ताठलं, खुर्चीचे पट्टे करकरले. वैनी आतून भाताचं ताट घेऊन आली, भूक लागली असेल म्हणाली. त्यानं तोंड फिरवलं, भात सदऱ्यावर सांडला. मग तिनं एका हातानं त्याची हनुवटी धरली आणि घास आत कोंबला.

विट्याचे पाहुणे आले तेव्हा त्याला घरामागच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांशेजारी नेऊन ठेवलं. हसण्याचे आवाज तिथवर येत होते. स्थळ जमलं. लग्नात मात्र त्याला नवा सदरा घालून मांडवात आणलं, फोटोपुरतं. व्याह्यांच्या कुणी विचारलं तर वैनी सांगत होती, ताप डोक्यात गेला हो लहानपणी, त्याला काय कळत न्हाई. सासरी निघताना अंकिता सगळ्यांच्या पाया पडली. सिद्धूच्याही पडली. वर बघितलं नाही.

मशीन कपाटावर गेलं. घर पुन्हा पहिल्यासारखं मोठ्यानं बोलू लागलं. शेजारचा गुंडा तर मुद्दाम येऊन बसायचा, बायकोला कसं मारलं ते सिद्धूला सांगून मन हलकं करायचा आणि जाताना त्याच्या खांद्यावर थोपटायचा. तुझ्याजवळ बोललं की बरं वाटतं म्हणायचा.

पावसाळ्यात पूजाताईंचा फोन आला. त्यांची बदली नाशिकला झाली होती, मशीन बंद आहे हे त्यांना उशिरा समजलं. लालासाहेबानं फोन स्पीकरवर ठेवला. ताई म्हणत होत्या, दुरुस्तीचा सगळा खर्च संस्था करेल, तुम्ही फक्त सांगलीला पोचवा. मात्र आधी त्यालाच विचारा. काही जण कंटाळतात, नको म्हणतात. त्याला हवं असेल तरच करू.

"तो डोळ्यांनी सांगेल," ताई म्हणाल्या. "विचारा त्याला."

लालासाहेब खुर्चीसमोर उकिडवा बसला. अंकिताचं लग्न होऊन गेलं होतं, आता पाहुण्यांपासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. उरला होता तो अंगणातला फोन, खताची पोती, आणि हे बोलून दाखवणारं एक माणूस.

"सिद्धू, मशीन पायजे का रं तुला?"

सिद्धूनं डोळे वर केले. एवढे वर केले की मानही मागं गेली आणि पडवीचं छत दिसायला लागलं. पापणी मिटू नये म्हणून त्यानं सगळं बळ एकवटलं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी खाली आणले नाहीत.

लालासाहेबानं ते बघितलं. नीट, पुरतं बघितलं.

"न्हाई म्हंतोय, मॅडम," तो म्हणाला. "डोळं मिटलं त्यानं."

"नक्की?"

"नक्की. नकोच झालंय त्याला."

बरं, त्याची मर्जी, असं ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

लालासाहेबानं खांद्यावरच्या पंच्यानं भावाचे डोळे पुसले, मग तोंड. पावसाची झड पडवीत येत होती म्हणून खुर्ची आतल्या बाजूला ओढली. वैनीला हाक मारून चहा मागवला, बशीत ओतला, फुंकर मारून निववला आणि चमचा पुढं केला. सिद्धूला दुपारपासून तहान लागली होती, आणि त्याच्यापुढं आलेला हात एवढा एकच होता. त्यानं तोंड उघडलं.