दुसरी दोरी

परसात ओळीने मांडलेल्या तीन बादल्या. पहिलीत कोऱ्या चहासारखं दिसणारं तपकिरी पाणी, दुसरीत रिठ्याचा पिवळसर फेस आणि तिसरीत आभाळ दिसेल इतकं नितळ पाणी… निपाणीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घराची आठवण झाली, की आधी दार किंवा चूल डोळ्यांपुढे येत नाही, या बादल्या येतात.

आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर होती. दिवसभर खकाणा उडायचा, तंबाखूची ती बारीक, झोंबरी धूळ तिच्या पदरात, केसांत, भुवयांतसुद्धा बसायची. संध्याकाळी ती गल्लीच्या तोंडाशी आली की आधी तिचा वास घरात यायचा, मग ती. आप्पा मी तान्ही असतानाच गेले, त्यामुळे त्या वासाची वाट पाहणारी घरात मी एकटीच. मला तो आवडायचा, हे आज लिहिताना हात जरा थांबतो… पण खरंच आवडायचा. तो वास आला, की दिवसभरचं एकटेपण संपायचं.

रविवारी धुणं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, म्हणून एकेका बादलीला तिच्या लेखी मोल होतं. पहिल्या बादलीत वखारीचं लुगडं नुसतंच भिजत घालायचं, साबण नाही, काही नाही. तासाभरात पाणी तपकिरी व्हायचं. ते पाणी गटारात जायचं नाही. सुती फडक्यातून गाळून आई ते वांग्यांच्या पानांवर शिंपडायची. "माव्याला लई जालीम हाय ह्ये," म्हणायची, "किड्याला कळतं तंबाखू वंगाळ, मानसाला कळत न्हाय बघ." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसत हसत खोकायची.

दुसऱ्या बादलीत रिठे. तिचं माहेर बेळगुंदीचं. तिथल्या बांधावरच्या झाडाचे रिठे मामा शिमग्याच्या सुमारास पिशवी भरून पाठवायचा. फोडलेल्या रिठ्यांच्या काळ्याभोर, गुळगुळीत बिया माझ्या खेळायला, साली आदल्या रात्री गरम पाण्यात. सकाळी त्या कुस्करल्या की आंबूस, जरासा उग्र वास सुटायचा आणि फेस वर यायचा. अंथरुणं-वाकळा मात्र चुलीच्या राखेच्या निवळीत. रिठ्याचं पाणी धुण्याच्या दगडावरून पन्हळीने अळवाच्या वाफ्यात, तिसऱ्या बादलीतलं खळबळून उरलेलं अंगणात सड्याला. साबणाची वडी अंगासाठी, तीही सणावारी. याला कुणी पर्यावरण म्हणतं हे आम्हांला ठाऊक नव्हतं. पाणी लांबून आणलेलं असतं, ते एकदाच वापरून सोडून द्यायचं नसतं, एवढंच ठाऊक होतं.

मी सहावीत होते. सव्वीस जानेवारीला झेंडागीत म्हणणाऱ्या मुलींत बाईंनी मला घेतलं, तेही पहिल्या रांगेत. माझ्यापेक्षा आईलाच त्याचं अप्रूप. वखारीत सगळ्या बायकांना सांगून झालं, मुकादमाकडून दोन तासांची सुट्टी मागून झाली. आदला दिवस रविवारचा, पण त्या दोन तासांच्या बदल्यात तिला वखारीत बोलावलं होतं. धुणं भिजवून ती तातडीने कामावर गेली, जाताना म्हणाली, "तुझ्या पांढऱ्या झंपराला हात लावू नगं. मी आल्यावर धुतो."

पण मला ते स्वतः करायचं होतं. ती येईल तेव्हा शुभ्र झंपर दोरीवर डुलत असेल, ती म्हणेल, शाणी गं माझी… असलं काहीतरी मनात होतं. मी परसात गेले. बसून बसून रिठ्याचा फेस पार विरला होता. तपकिरी पाण्याच्या दोन बादल्या शेजारी शेजारी. मी वाकून वासही घेतला, पण तंबाखूचा वास आमच्या घरात कुठे वेगळा कळायचा? एकीत आईचं लुगडं वर तरंगत होतं, दुसरीत काहीच दिसत नव्हतं. ती दुसरी रिठ्याची असं समजून मी झंपर तिच्यात दडपलं आणि अंगणात सागरगोटे खेळत बसले.

बाहेर काढलं तेव्हा कळलं. वखारीचं लुगडं याच बादलीच्या तळाशी बसलं होतं, वर तरंगणारं रिठ्यात भिजवलेलं दुसरं होतं. झंपरावर फिकट चहाचे ढग उमटले होते. मी घासलं, पिळलं, नितळ पाण्यात तीनदा बुचकळलं. मग घाबरून बादली वांग्यांच्या बुडाशी ओतून दिली, आणि झंपर दोरीवर घातलं. शेजारी आईचं लुगडं, दोन्ही ठिबकत.

संध्याकाळी आई आली. झंपराकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं. लुगड्याचा काठ वाऱ्याने झंपरावर येऊन पडला होता.

"आगं बया…" ती हळूच म्हणाली. "माझ्या लुगड्याचं पानी टिपाकलं गं ह्येच्यावर."

एक वाक्य पुरे होतं. "नाही आई, मी चुकले." मी ते म्हटलं नाही.

लिंबू, नीळ, पुन्हा रिठे… दिवेलागण होईतो ती त्या झंपराशी झगडली. डाग फिकटले, वास गेला नाही. सकाळी रांगेत शेजारच्या मुलीने नाक धरलं. "बाई, हिच्या अंगाला वखारीचा वास येतोय." बाई वाईट नव्हत्या, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागच्या रांगेत नेलं, इतकंच. कुंपणाबाहेर आई टाचा उंचावून पहिली रांग शोधत होती. मी तिला शेवटपर्यंत दिसले नाही.

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. "तुझ्या कपड्यांत माझे कपडे घालत जाऊ नकोस! तुझा वास लागतो मला."

 त्याच दिवशी कुठून तरी काथ्याची दोरी आणून तिने परसात दुसरी दोरी बांधली, भिंतीकडच्या बाजूला. ती तिच्या कपड्यांची. उन्हातली जुनी माझी.

त्यानंतर माझं धुणं वेगळं झालं. माझ्यासाठी ताजे रिठे, नवं पाणी… तीन बादल्यांत सगळं भागवणारी माझी आई, माझ्या कपड्यांसाठी कोपऱ्यावरच्या हौदावरून दोन घागरी जास्त आणू लागली. वखारीतून आली की अंघोळ केल्याशिवाय माझ्याजवळ यायची नाही. मी दारात धावत गेले तर म्हणायची, "थांब थांब, लांब हो. अंग धुतो आधी." हळूहळू मी धावत जायचं सोडलं.

तिच्या त्या चाळणीवर मी शिकले. बेळगावच्या कॉलेजात गेले, आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. पदवीच्या दिवशी खडेबाजारातल्या फोटोवाल्याने आम्हां दोघींना उभं केलं. "आक्का, जरा सरकून उभारा की पोरीजवळ!" तो म्हणाला. आई हसली आणि तिथेच राहिली. फोटोत आमच्या दोघींमध्ये वीतभर मोकळी भिंत आहे.

मला शाळेत नोकरी लागली, बेळगावबाहेर मच्छेजवळ छोटं घर घेतलं. वखार सुटून दहा वर्षं झाल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. दुसऱ्याच दिवशी पाहते तर गॅलरीत माझ्या दोरीपलीकडे, कठड्याला लागून तिने आपली दोरी बांधलेली.

"आई, आता कुठला वास? दहा वर्षं झाली की."

"तुला न्हाय येत. आसू दे गं. पांढरं नेसून शाळंत जातीस, पोरं नाक धरतील."

"आई… त्या दिवशी ते झंपर…"

"कवाचं?" तिने वळून पाहिलं. हातात पिळलेलं लुगडं, डोळ्यांत काहीच आठवत नसल्याचा निर्मळ भाव… की आठवत असूनही? मला ठरवता आलं नाही. "काही नाही," मी म्हणाले. तिने लुगडं झटकलं आणि आपल्या दोरीवर वाळत घातलं.

गेल्या पावसाळ्याच्या सरतीला ती गेली.

परवा आमच्या कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. धुण्याचं पाणी बागेला सोडायचं ठरलंय, तर पावडरीऐवजी काय वापरावं, ही चर्चा. मी रिठ्यांचं सांगितलं, राखेच्या निवळीचं सांगितलं, तीन बादल्यांचं सांगितलं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही लईच माहिती काढलाय की! कुठल्या कोर्समधी शिकलासा?" सगळ्या हसल्या, मीही हसले. आईने शिकवलं, एवढं सांगितलं. दुसऱ्या दोरीचं सांगितलं नाही.

घरी आले तर गॅलरीतल्या कुंडीत वांग्याच्या पानांखाली मावा पडला होता. मी पेटीतून आईचं एक लुगडं काढलं, वखारीच्या दिवसांतलं, आणि बादलीत नुसत्या पाण्यात भिजत घातलं. तासाभराने पाहिलं. अजून एक तास थांबले. पाणी नितळच होतं. तळाचं लाल प्लास्टिक स्वच्छ दिसत होतं. तरीही ते गाळून मी वांग्याच्या पानांवर शिंपडलं. मावा होता तिथेच होता.

मग रिठ्याच्या एकाच पाण्यात ते लुगडं आणि माझा पांढरा कुर्ता धुतला, आणि दोन्ही एकाच दोरीवर घातली, तिच्या दोरीवर, अगदी खेटून. वाऱ्याने लुगड्याचा काठ कुर्त्यावर येऊन पडला आणि त्याचं पाणी त्यावर ठिबकत राहिलं. मी खुर्ची ओढून समोर बसले, ऊन कलेपर्यंत.

कुर्ता वाळला. एकही डाग नव्हता. नाकाशी धरला, कसलाच वास नव्हता.