पाठमोरे कासमभाई

पहिल्याच भेटीत कासमभाईंनी माझ्या रांगोळीकडे पाठ केली होती. दिवाळीचा पहिला दिवस. पहाटे उठून, कंबर मोडेस्तोवर वाकून मी दारात मोर काढला होता. वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले हे गृहस्थ जिना उतरता उतरता थांबले. पांढरा सदरा, चौकड्यांची लुंगी, पन्नाशी उलटलेली. "सलाम ताई" म्हणाले, गर्रकन वळून उभे राहिले, खिशातून काडेपेटीएवढा आरसा काढला आणि डोळ्यांसमोर धरला. मला वाटलं, हा बाबा माझ्या दारात भांग पाडतोय की काय! डोक्यावर तर मोजून चार केस.

"मोर चांगला हाय," ते आरशातच बघत म्हणाले, "पन डाव्या अंगाला कलंडतोय. पाय जरा पुढं घ्या."

सणाचा दिवस, ओळख ना पाळख, आणि हे शहाणपण! मला सणसणीत राग आला. ते खाली गेल्यावर मी नवऱ्याचा दाढीचा आरसा आणला आणि पाठमोरी उभी राहिले. मोर खरंच कलंडत होता. मुकाट्याने पाय पुसले आणि पुन्हा काढले.

ही बेलापूरची गोष्ट, नव्वदच्या दशकातली. मी तिथल्याच एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि कोणी तयार होईना म्हणून आमच्या सोसायटीची सेक्रेटरीही होते. कासमभाईंच्या घरी ते आणि त्यांची बायको, हमीदाभाभी. मुलीचं लग्न झालेलं. कासमभाई वीस वर्षं कुवेतला होते. "तिकडे काय करत होतात?" असं विचारलं की ते म्हणायचे, "फोडाफोडी."

रंगीत काचेच्या लाद्या फोडायच्या आणि त्या तुकड्यांची भिंतीवर चित्रं करायची, असं ते काम. त्याला मोझेक म्हणतात. मला मोझेक म्हटल्यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या ठिपक्यांच्या लाद्या आठवल्या आणि मी तसं बोललेही. कासमभाई बिचारे हसले आणि त्यांनी मला रीतसर समजावलं. मोठ्या खाकी कागदावर चित्र काढायचं. त्यावर तुकडे तोंड खाली करून पिठाच्या खळीने चिकटवायचे. मग तो कागद नेऊन भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा. सिमेंट धरलं की कागद भिजवून सोलून काढायचा, तेव्हा कुठे चित्राचं तोंड दिसतं. अर्थात कागदावर उजवीकडे असेल ते भिंतीवर डावीकडे जातं. ते भिंतीवर कसं दिसेल हे बघायला प्रत्येक कारागिराच्या खिशात आरसा.

"मग भिंतीवर लागल्यावर बघायला मजा येत असेल."

"कोन बगतो? लावनारी मानसं येगळी. आमी वर्कशॉपमधी. कागद गुंडाळला, नंबर टाकला, गाडी गेली. मी आयुष्यभर पाठच बगितली, ताई."

मी थट्टेवारी नेलं, पण ते थट्टेत बोलत नव्हते. वीस वर्षांत एकही भिंत त्यांनी पाहिली नव्हती. सगळ्यात मोठं काम एका महालातल्या पोहण्याच्या हौदाचं होतं, सहा महिने चाललेलं, नुसते मासे. मालकाच्या हातापाया पडून त्यांनी ते बघायची परवानगी मिळवली आणि गेटवर कळलं, हौद जनानखान्यातला. पुरुषाला आत सोडत नाहीत. आत कामाला आपल्या श्रीवर्धनकडची एक बाई होती. तिला त्यांनी विचारलं, कसं दिसतं? ती म्हणाली, छान दिसतं. "छान म्हंजे कसं? मोठा मासा कुटं बगतो? तर म्हनते, पान्यात बगतो!" हे सांगताना कासमभाई दर वेळी कपाळावर हात मारायचे. मग माझ्याकडे बघून म्हणायचे, "तुमी कवा तिकडं गेलात तर बगून या. तुमाला सोडतील."

खेळण्यांचा नाद त्यांना तिथेच लागला. काचा लाकडी खोक्यांतून यायच्या. दुपारच्या सुट्टीत बाकीचे झोपायचे तेव्हा हे त्या फळ्यांची खेळणी करत बसायचे. वल्ही मारणारा नाखवा, दाणे टिपणारी कोंबडी, मान हलवणारा उंट. मालकाच्या नातवंडांना ती आवडली आणि मग अर्धा दिवस भिंती, अर्धा दिवस खेळणी अशी त्यांची नोकरीच ठरून गेली. बेलापूरला आल्यावरही फर्निचरवाल्यांकडून लाकडाचे तुकडे आणून ते आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना खेळणी करून देत. माझ्या मुलीला त्यांनी होडी दिली तेव्हा मी पाहिलं, होडीचा तळही रंगवलेला. नुसता रंगवलेला नाही, त्यावर फळ्यांच्या रेघा, खिळ्यांचे ठिपके, सगळं.

"खालून कोण बघतंय, कासमभाई?"

"पोर बगतं. पोराच्या हातात काय बी द्या, ते आदी उलटं करूनच बगतं."

मुलीने होडी हातात घेतली आणि उलटी केली.

कुवेतवर लढाई आली तेव्हा कासमभाई अंगावरच्या कपड्यांनिशी विमानात बसले. हत्यारं, खेळणी, सगळं तिथे राहिलं. सदऱ्याच्या खिशात होता म्हणून हा आरसा तेवढा आला. इकडे त्यांचं गावही राहिलं नव्हतं. उरणच्या बाजूला, द्रोणागिरीच्या अलीकडे, खाडीकाठचं छोटं गाव. ते बंदराच्या कामात भराव टाकून गेलं. हमीदाभाभींनी एकटीने सामान हलवलं आणि बेलापूरला घर घेतलं. गाव जाताना कासमभाईंनी पाहिलं नाही. "मी गेलो तवा व्हतं, आलो तवा नव्हतं," एवढंच ते म्हणायचे आणि विषय बदलायचे.

आता भिंतीचं सांगते. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत लिफ्टसमोर एक भिंत होती, आणि तिच्या कोपऱ्यात लोक पान खाऊन थुंकत. आमचे खजिनदार पाटणकर यांनी मीटिंगमध्ये सुचवलं की देवांची चित्रं असलेल्या टाइल्स लावू, म्हणजे कोणी थुंकणार नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "देवाला वॉचमन कशाला करता? वरच्या मजल्यावर एवढा कलाकार बसलाय, त्याला द्या की भिंत!" पाटणकरांनी खर्चाचं विचारलं. खर्च काही नव्हता. तेव्हा नव्या मुंबईत, तिकडे खारघरपर्यंत, जिकडेतिकडे बांधकामं चाललेली. फुटक्या टाइल्सच्या गोणीच्या गोणी कोणीही फुकट देत असे. ठराव पास झाला.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला निघाले तर कासमभाई जिन्यात उभे. "ताई, भिंत खरंच देनार?"

"ठराव झालाय, कासमभाई."

"मला येकदा बगायचंय. माझं सोताचं काम. भिंतीवर, सरळ." ते जिन्याच्या कठड्यावरची धूळ हाताने पुसत राहिले.

त्यांनी आपलं गाव करायचं ठरवलं. बाहेरच्या खोलीत जमिनीवर कागद पसरला आणि आठवणीने चित्र काढलं. मी बघायला गेले होते. मधोमध धक्का, समोर खाडी, डाव्या हाताला मिठागरं, उजव्या हाताला चिंच आणि चिंचेखाली त्यांचं कौलारू घर. हमीदाभाभी खुर्चीवर बसून चुका काढत होत्या. चिंच आणखी मोठी होती, पडवीला दोन खांब होते, तीन नाही. कासमभाई खोडून पुन्हा काढत होते. शेवटी भाभींनी मान डोलावली. "हां. आता बरोबर."

आठ महिने काम चाललं. टाइल्सचे तुकडे उपडे लावायचे, त्यामुळे वरून सगळी मातकट पाठ. काचेतून निदान रंग तरी दिसायचा, इथे काहीच नाही. भाभी वैतागायच्या, "घरात पाय ठेवाया जागा नाय. जिन्यात रांधू का आता?" मिठाच्या राशींना कुठल्याशा दवाखान्याच्या पांढऱ्या टाइल्स लागल्या. आमच्या न्हाणीघरातून काढलेल्या गुलाबी टाइल्स संध्याकाळच्या आभाळाला गेल्या, याचा मला फार अभिमान होता. त्या आठ महिन्यांत त्यांचा आरसा खिशाबाहेर निघालेला मी पाहिला नाही. तेव्हा ते ध्यानात आलं नाही, एवढंच.

गवंड्यांनी कागद भिंतीवर चढवले. सिमेंट वाळलं. रविवारी सकाळी सगळी बिल्डिंग लॉबीत जमली. हमीदाभाभींना खुर्ची दिली होती. कासमभाई इस्त्रीचा सदरा घालून, अत्तर लावून आले. स्पंजने कागद भिजवला आणि वरच्या कोपऱ्यातून हलक्या हाताने सोलायला लागले. आधी आमचं गुलाबी आभाळ निघालं. मग चिंच, मग खाडी, मग पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी. काय सांगू, लॉबी उजळून निघाली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वा, वा," पाटणकर पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कासमभाई मात्र हातात ओला कागद घेऊन तसेच उभे. मला वाटलं, भरून आलं असेल. तेवढ्यात हमीदाभाभी खुर्चीवरून हळूच म्हणाल्या, "आवो, आपलं घर त्या अंगाला कसं गेलं?"

घर डावीकडे होतं. मिठागरं उजवीकडे.

"उलटं झालं," कासमभाई म्हणाले.

वर्कशॉपमध्ये चित्र उलटवून काढणारा माणूस वेगळा होता. एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, ड्राफ्ट्समन. वीस वर्षं कासमभाईंच्या हातात कागद यायचा तो उलटवूनच. आरशात ते पुन्हा पुन्हा बघत, कारण समोरचं त्यांना कधी सरळ दिसतच नसे. हे मात्र आपलं गाव. समोर सरळ दिसत होतं, बायकोने बरोबर म्हटलं होतं, मग आरशाची आठवण कशाला होईल? ज्या माणसाने आयुष्यभर एकच गोष्ट मागितली, त्याच्याच हातून ती अशी जावी!

"पुन्हा करता येईल?" मी विचारलं.

"सिमेंट धरलं, ताई." त्यांनी कागद खाली ठेवला. "आनि कोनाला कळनार? ते गाव बगितलेलं मानूस हितं कोन हाय?"

खरं होतं. लोक घोळक्याने चित्र बघत होते, पोरं होड्या मोजत होती. कोणाला काही खटकलं नव्हतं. कासमभाईंनी ओले हात सदऱ्याला पुसले. मग आपल्या चित्राकडे पाठ केली, खिशातून तो आरसा काढला आणि डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ ते तसे उभे होते. पाटणकर मला हळूच म्हणाले, "हे काय करतायत?" मी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

मग ते भाभींजवळ गेले आणि खुर्ची वळवून आरसा त्यांच्या हातात दिला. भाभींनी तो जवळ नेला, लांब नेला, जरा तिरका केला.

"हां," त्या म्हणाल्या. "आता बरोबर."

पुढच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडला की चित्रासमोरच्या भिंतीवर, लिफ्टशेजारी, मोठा आरसा लावावा. कारण लिहिलं, सभासदांची सोय. पाटणकरांनी कुरकुर केली, पण आरसा लागला. तेव्हापासून थुंकणंही बंद झालं. थुंकण्याआधी कोणी बघत नाही ना म्हणून मागे वळणारा माणूस आरशात स्वतःलाच दिसायचा. कासमभाई रोज फिरून आल्यावर लिफ्टची वाट बघत आरशासमोर उभे राहत. लिफ्ट यायची, दार उघडायचं, पुन्हा बंद व्हायचं. ते तिथेच.

चार वर्षांनी कासमभाई गेले, झोपेतच. काही महिन्यांनी मुलगी भाभींना खारघरला न्यायला आली. सामान टॅक्सीत चढलं. भाभी लॉबीत आल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि आरशातल्या त्या कौलारू घराकडे बघत डोक्यावरचा पदर सारखा केला. टॅक्सीवाल्याने बाहेरून हॉर्न वाजवला.

"चला की आजी," तो ओरडला, "किती नटताय!"

"आले, बाबा," भाभी म्हणाल्या. "घरातून निघायला वेळ लागतोच."